कणीतला वायू

अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, पंगतीची पहिली पाने मांडली गेली, तरी इरावतीचे चित्त मांडवात लागेना. स्नेहलची पाठराखीण म्हणून ती सकाळपासून तिच्या मागे उभी होती. संध्याकाळी नवरीबरोबर सासरी, महाडजवळच्या सव गावी, जायचे आणि पहिली रात्र तिच्या सोबतीला राहायचे, असा शब्द तिने दिला होता. अकरावी-बारावीची दोन वर्षे स्नेहल महाडला इरावतीच्याच घरी राहून शिकली होती. एका ताटात जेवलेल्या मैत्रिणीला दिलेला शब्द मोडण्यातला नव्हता. म्हणून तर ती आज स्नेहलच्या माहेरी, कापडे गावात होती, आणि जिथे असायला हवे होते तिथे नव्हती.

जिथे असायला हवे होते ती जागा सह्याद्रीच्या पलीकडे, देशावरच्या पठारावर होती. तिथे रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या याच घटकेला आकाशातल्या एकाच बिंदूकडे तोंड करून उभ्या होत्या. रेडिओ दुर्बिणीला दिवस आणि रात्र सारखेच. वैशाखातल्या भर उन्हातही तिला आकाश दिसते. त्या बिंदूपाशी एक दीर्घिका होती. तिचे खरे नाव म्हणजे सूचीतला एक लांबलचक आकडा. इरावतीने तिला कणी म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळा गट तिला कणीच म्हणू लागला. आपल्या आकाशगंगेपुढे ती तांदळाच्या कणीएवढीच होती, आणि खगोलशास्त्राच्या हिशेबाने अगदी शेजारची.

हायड्रोजन आणि हेलियम सोडले तर बाकी साऱ्या मूलद्रव्यांना खगोलशास्त्रज्ञ सरसकट धातू म्हणतात, अगदी प्राणवायूलाही. हे धातू ताऱ्यांच्या पोटात शिजतात. कणीत ते जवळजवळ नव्हतेच, म्हणजे तिथे तारे फारसे जन्मलेच नव्हते. मग त्यांच्यासाठी लागणारा हायड्रोजन वायू अजून तिथे पडून आहे, की कधीच उडून गेला? घरात तांदूळ भरपूर आहेत आणि चूलच पेटलेली नाही, की मुळात तांदूळच नाहीत? इरावतीच्या प्रबंधाचा सगळा डोलारा या एका प्रश्नावर उभा होता. चार लहान दीर्घिका मोजून झाल्या होत्या. पाचवी कणी, सगळ्यांत धाकटी आणि सगळ्यांत दरिद्री. तिच्यासाठी दुर्बिणीचा वेळ मिळाला तो नेमका या रविवारचा. पुढचा वेळ मिळेपर्यंत इरावतीची शिष्यवृत्ती संपणार होती. आजचे मोजमाप फसले तर प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहिता येणार नव्हते, आणि त्याच्याशिवाय आधीची चारही लंगडी होती.

"तू लग्नाला जा," निषाद म्हणाला होता. तो तिच्या गटातला काही वर्षांनी ज्येष्ठ संशोधक. "तबकड्या काय तू हाताने फिरवणार आहेस? ऑपरेटर असतो, फाइल असते, मी असतो. आणि जिलेबी आण."

त्याचा निरोप आला का ते बघायला इरावती पंगतीतून उठली आणि परसातल्या पाण्याच्या टाकीखाली जाऊन उभी राहिली. कापड्यात तिच्या मोबाइल कंपनीची रेंज घराजवळ आली तर तिथेच येत असे.

"काय गो, जेवायची सोडून टाकीखाली कसली तपश्चर्या करतेस?" स्नेहलची आजी ठकूबाई पडवीतून ओरडली. "नवरीची पाठराखीण तू, का टाकीची?"

"आलेच आजी. एक निरोप यायचाय."

"सकाळपासनं येतोय तुझा निरोप. चालत येतोय का काय?"

फोन थरथरला. निषादचा ईमेल होता. दुर्बिणीच्या आवारात मोबाइल बंद ठेवावे लागतात, कारण आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरींपुढे मोबाइलची साधी कुजबुजही ढोल बडवल्यासारखी असते. त्यामुळे निषादचे सारे निरोप नियंत्रण-कक्षातल्या संगणकावरून येत. त्याने लिहिले होते, 'सगळं छान. कॅलिब्रेटर झाला, आता कणीवर आहोत. तू जेव.' सोबत एक आलेख होता. तो वरून खाली, ओळीओळीने, कूर्मगतीने उलगडत गेला.

कॅलिब्रेटर म्हणजे ज्याचे तेज आधीपासून पक्के ठाऊक आहे असा एक दूरचा, प्रखर स्रोत. मोजणीच्या सुरुवातीला दुर्बीण त्याच्याकडे वळवतात आणि यंत्र कोणत्या सुराला, म्हणजे कोणत्या वारंवारतेला, किती ऐकते ते तपासून घेतात. त्याचा आलेख पाटासारखा सपाट यायला हवा. तो तसाच होता. फक्त मधोमध, नखाने दाबल्यासारखा, एक खळगा होता.

इरावतीने बोटांनी चित्र मोठे केले. खळगा कोणत्या सुराला पडला आहे ते वाचले आणि पुन्हा एकदा वाचले.

हायड्रोजन वायू एका ठरलेल्या सुरात रेडिओ लहर सोडतो. जी दीर्घिका वेगाने दूर जाते तिचा सूर उतरतो आणि वेगळा ऐकू येतो. इरावतीच्या पहिल्या चारही दीर्घिका तशा होत्या. पण कणी शेजारची. ती जवळजवळ जागची हलत नव्हती. तिचा सूर आणि खुद्द आपल्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा सूर एकच होता. कॅलिब्रेटरची लहर आपल्यापर्यंत येताना आपल्याच आकाशगंगेतून गाळून येते आणि वाटेतला वायू नेमका तो सूर थोडा गिळतो. तोच हा खळगा. संगणकाला मात्र हे कळत नाही. यंत्रच त्या सुराला थोडे बहिरे आहे असे समजून तो तिथला आवाज वाढवून घेतो. मग कणीचा आवाज फुगतो, आकाशात कणीला खेटून दिसणाऱ्या एका दूरच्या स्रोताचाही फुगतो, आणि तो सगळा फुगवटा कणीचा वायू म्हणून मोजला जातो.

यावर उपाय साधा होता. कॅलिब्रेटर पाहताना सूर थोडा वर आणि मग थोडा खाली सरकवायचा, म्हणजे खळगा वाटेत येत नाही. दुर्बिणीला आधी दिलेल्या सूचनांच्या फाइलमध्ये दोन ओळी वाढवाव्या लागतात. त्या दोन ओळी इरावतीने घातल्या नव्हत्या. तिच्या गटात कोरी फाइल कोणीच लिहीत नसे. मागच्या वेळी बिनचूक चाललेली फाइल उघडायची, दीर्घिकेचे नाव आणि जागा बदलायची, आणि पाठवून द्यायची. चार वेळा तसे केले आणि चारही वेळा निभावले. पाचव्यांदाही तिने तेच केले.

तिने घड्याळ पाहिले. दोन वाजून गेले होते. पाचच्या सुमारास कॅलिब्रेटर तबकड्यांच्या आवाक्याबाहेर, क्षितिजाकडे उतरणार होता. त्यानंतर आजच्या वेळात तेवढा प्रखर दुसरा स्रोत वर येणार नव्हता. पाचच्या आत कोणीतरी दुर्बीण पुन्हा त्याच्याकडे वळवायला हवी होती.

तिने घाईघाईने उत्तर लिहिले आणि पाठवले. चक्र फिरत राहिले. मांडवातले पंखे एकाएकी मंदावून थांबले, बायकांनी "गेली लाइट!" म्हणून पदर हलवायला घेतले, आणि फोनवरची एकुलती रेघही पुसली गेली.

स्नेहलचा थोरला भाऊ यशराज मांडवात पाणी वाढत होता. तो कळंबोलीला एका गोदामात सुपरवायझर होता.

"यशराजदादा, फोन का लागत नाहीये?"

"अगं, लाइट गेली ना. टॉवरची बॅटरी कधीचीच डेड हाय. लाइट गया तो नेटवर्क भी गया."

"मला बाइकवर पोलादपूरला सोडता? लगेच परत येऊ."

यशराजच्या हातातला जग तसाच राहिला. "आत्ता? ताई, पाठवणी केव्हाही निघंल. ते येसाजीमामा बघ, घड्याळाकडं बघून बघून त्यांची मान आखडली."

नवऱ्या मुलाचे मामा येसाजी मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. दिवेलागणीच्या आत सून उंबऱ्याच्या आत आली पाहिजे, असे त्यांनी सकाळपासून येईल त्याला ऐकवले होते.

हे बोलणे रावजींच्या कानावर गेले. मुलीचा बाप सकाळपासून धड बसला नव्हता. त्यांचा आवाज बसला होता. "इरा, पोरी, तू गेलीस आणि पाठवणी निघाली तर? पाठराखीण नाय तर पोरीला एकटी कशी धाडू मी? तूच सांग."

इरावती तशीच आतल्या खोलीत गेली. दोन बायका स्नेहलच्या शालूला पिना लावत होत्या.

"तोंड का असं?" स्नेहलने आरशातूनच विचारले. "नवरा माझा, आणि घाबरलीस तू?"

इरावतीने थोडक्यात सांगितले. स्नेहल महाडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासत असे. तिला फार सांगावे लागले नाही.

"म्हणजे मशीनला दाखवायचं स्टँडर्डच खराब निघालं?"

"स्टँडर्ड चांगलं आहे. वाटेत आपल्याच घरचा धूर आलाय."

"तेच ते. मग पेशंटच्या रिपोर्टला काय अर्थ?" स्नेहलने मान वळवली तशी पिन लावणारी बाई "हलू नको गो!" म्हणून खेकसली. "हे बघ. बाइकवर जाऊ नको, बाबांचा जीव जाईल. शिवेवर नेटवर्क येतं, वरच्या वळणावर. तिथं पोलादपूरचा टॉवर लागतो. आपली गाडी तिथं थांबणारच आहे, नारळ फोडायला. तेव्हा बोल."

"आणि उशीर झाला तर?"

"साडेतीनला निघतोय. येसाजीमामा निघायला लावूनच राहतील."

पण लग्नघरातले साडेतीन घड्याळातल्या साडेतीनला कधी वाजत नाहीत. आहेर राहिले होते. मग फोटोवाल्याला नवरा-नवरी आंब्याखाली हवी होती. मग कोणाची तरी वहिनी ओटी भरायची राहिली. इरावती नवरीच्या मागे उभी राहून हसत होती, पडणारा पदर सावरत होती, आणि तिची नजर दर मिनिटाला मनगटावर जात होती.

त्या वाट पाहण्यातच तिच्या दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. फाइल मूळ कोणाची? निषादची. गेल्या वर्षी त्याने स्वतःच्या दोन दीर्घिका त्याच फाइलने मोजल्या होत्या. पहिली दूरची होती; तिला काही होणार नव्हते. पण दुसरी कणीसारखीच जवळची. त्या दुसरीत अपेक्षेच्या दुप्पट वायू सापडला होता, आणि त्या दुपटीवरच त्याचा शोधनिबंध नुकताच स्वीकारला गेला होता. येत्या गुरुवारी एका संस्थेत त्याची कायमच्या जागेसाठी मुलाखत होती. घरी आजारी वडील, चौतीस वय, तीन वर्षे एका तात्पुरत्या जागेवरून दुसऱ्या तात्पुरत्या जागेवर. इरावतीने आज फोन करून 'कॅलिब्रेटर पुन्हा घे' म्हटले, की का ते त्याला कळल्यावाचून राहणार नव्हते.

आणि दुर्बिणीवर बसला होता तोच. कळ दाबायची की नाही हे त्याच्या हातात होते.

गाडी निघाली तेव्हा सव्वाचार उलटून गेले होते. ठकूबाईने नातीला कवटाळून मोठ्याने हंबरडा फोडला, सगळ्या बायका रडल्या, रावजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी येसाजीमामा, मागे नवरा अश्विन, मध्ये स्नेहल आणि कडेला इरावती. मागून वऱ्हाडाची बस. रावजी आणि यशराज नारळ घेऊन बाइकवर पुढे गेले. नवरीची गाडी माहेरच्या शिवेवर थांबायची, बापाने नारळ फोडायचा, आणि मग सासरची शीव येईपर्यंत गाडीने कुठेही थांबायचे नाही, अशी त्या दोन्ही घरांची रीत होती.

चढ चढून गाडी वळणावर थांबली. करवंदीच्या जाळीपाशी शेंदूर फासलेला दगड होता. इरावतीच्या हातातला फोन एकदम जागा झाला आणि अडकलेले निरोप पटापट वाजू लागले. ती दार उघडून उतरली, रस्त्याच्या कडेला गेली आणि नियंत्रण-कक्षाचा नंबर लावला.

लागला नाही. व्यस्त.

पुन्हा लावला. व्यस्त.

तिसऱ्यांदा घंटा वाजली. "कंट्रोल रूम, स्वराज बोलतोय." ऑपरेटरचा आवाज.

"मी इरावती. आजचं निरीक्षण माझं आहे. निषाद आहे का?"

"सर चहाला गेलेत, मॅडम. काही निरोप?"

"निरोप नाही, त्यांनाच बोलवा. धावत. आणि कॅलिब्रेटर किती वेळ वर आहे?"

कळांचा टकटकाट. "अजून अर्धा तास. शेवटची दहा मिनिटं धरू नका, खाली फार गोंगाट असतो."

"बोलवा त्यांना."

मागे दगडावर नारळ फुटला. रावजींनी पाणी शिंपडले, फुटलेल्या नारळाची एक भकल दगडापाशी ठेवली, दुसरी मुलीच्या ओटीत घातली. "चला!" येसाजीमामा गाडीतून म्हणाले. "कोण राहिलं?"

"पाठराखीण," ड्रायव्हर म्हणाला.

"ती काय करते तिकडं?"

"फोनवर हाय."

"फोन?" येसाजीमामांनी डोके बाहेर काढले. "ओ बाई! नवरीची गाडी हाय ही, एष्टी नाय. फोन करायला थांबायचं असतं का शिवेवर? नारळ फुटला, आता चाक हललं पायजे!"

इरावतीने हात वर करून 'एकच मिनिट' अशी खूण केली. फोनमध्ये नुसती घरघर होती. लांबवर कोणीतरी दार उघडले.

"इरा? काय झालं? स्वराज घाबरलाय, म्हणाला मॅडम ओरडतायत."

"निषाद, तू पाठवलेला आलेख बघ. कॅलिब्रेटरचा. मधोमध."

"मधोमध काय? एक बारीकसा..." तो थांबला. तो हुशार होता. त्याला दुसरे वाक्य सांगावे लागणार नव्हते. इरावतीला त्याचा श्वास ऐकू येत होता. "हा आपल्याच आकाशगंगेचा आहे."

"हो. कणी तिथेच आहे. सूर सरकवून कॅलिब्रेटर पुन्हा घ्यायला हवा, वर आणि खाली. आत्ता. तो उतरायच्या आत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"निषाद?"

"ऐकतोय." मग फार हळू, "इरा, ही माझी फाइल आहे."

"माहीत आहे मला."

"माझी दुसरी..."

"माहीत आहे."

मागून येसाजीमामांचा आवाज चढला होता. "रावजी, ही काय पद्धत झाली? आमची बस मागं तापतेय, म्हातारी माणसं हायत आत! बसू दे तिला बसमध्ये, येईल मागनं. तू गाडी काढ रे!"

ड्रायव्हरने गाडी सुरू केली, आणि त्याच वेळी मागचे दार पुन्हा उघडले. स्नेहल खाली उतरली. शालू, मुंडावळ्या, ओटीत खोबऱ्याची भकल, अशी ती रस्त्यावर उभी राहिली.

"अगो, तू कुठं उतरलीस!" रावजी हबकले. "शिवेवर उतरत नाय नवरी!"

"मामा, ती बोलेपर्यंत मी हितंच हाय," स्नेहल येसाजीमामांना म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. "तिची पाच वर्षांची मेहनत हाय त्या फोनवर. माझ्यासाठी ती हितं आली, नायतर तिकडं असती. मला एकटीला नेऊन तुम्हाला आधी उंबरा गाठायचा असंल, तर मी नाय येत बसत."

"अश्विन! बघ रे, ही आत्तापासनं अशी बोलते!"

अश्विनने गाडीतून मान बाहेर काढली, मामाकडे पाहिले, बायकोकडे पाहिले आणि म्हणाला, "मामा, पाच मिनिटांनी काय सूर्य बुडत नाय. मी पण जरा पाय मोकळे करतो." तोही उतरला. बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

इरावतीची पाठ त्या सगळ्यांकडे होती. तिला शब्द ऐकू येत होते आणि येत नव्हते. कानाशी निषाद बोलत होता. एकेक शब्द चाचपून ठेवल्यासारखा.

"निरीक्षण मध्येच थांबवलं की लॉगमध्ये कारण लिहावं लागतं. गटातले सगळे वाचतात ते. कारण लिहिलं की पहिला प्रश्न माझ्या दुसरीबद्दल येईल. उद्याच येईल. गुरुवारी मुलाखत आहे, इरा."

"मी काय सांगू तुला?"

"असं लिहू का, की नुसती खबरदारी म्हणून पुन्हा घेतला? खोटंही नाही ते. दुसरीचं मी बघतो, गुरुवारनंतर. शुक्रवारी मीच सांगेन सगळ्यांना. फक्त चार दिवस."

चार दिवस. इरावतीने डोळे मिटले. तिला निषादचे वडील आठवले. एकदा पुण्यात औषधांची पिशवी गुडघ्यांवर घेऊन वसतिगृहाच्या पायरीवर बसलेले. खबरदारी. शब्द गुळगुळीत होता, आणि तो वापरला तर कणी वाचत होती. तिला फक्त बरे म्हणायचे होते.

"निषाद, मला 'हो' म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "कारण माझ्या प्रबंधात मी काय लिहू? कॅलिब्रेटर दोनदा का घेतला, ते मला लिहावंच लागणार. आणि समजा तू गुरुवारी त्या लोकांपुढे दुप्पट म्हणालास, तर ते वाक्य तू पुढे रोज म्हणशील. मी तुला ओळखते. तुझी झोप उडेल. आधी कळ दाब. कारण नंतर लिही. लॉगमध्ये माझं नाव घाल. 'इरावतीने फाइल न तपासता वापरली' असं. ते खरंच आहे."

"आणि मूळ फाइल?"

"ते तू ठरव. मी तुझ्या वतीने लिहिणार नाही आणि लपवणारही नाही. पण आधी कळ दाब, निषाद. तो उतरतोय."

घरघर. मग त्याने तोंडाजवळून फोन दूर धरल्यासारखा आवाज आला. तो स्वराजला काहीतरी म्हणाला. काय ते तिला ऐकू आले नाही. आणि मग फोन बंद झाला. लाइन तुटली की त्याने ठेवला, हे कळायला मार्ग नव्हता. तिने पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा. व्यस्त.

"झालं?" स्नेहलने विचारले.

"माहीत नाही."

स्नेहलने तिच्याकडे क्षणभर पाहिले. मग तिचा दंड धरून तिला गाडीत बसवले आणि स्वतः बसली. येसाजीमामांनी रावजींकडे न बघता खिडकीची काच वर केली. गाडी उताराला लागली. वळणावळणाने रेंज येत होती आणि जात होती. अश्विनने एकदा "ए.सी. वाढवू का?" असे विचारले आणि आपणच ड्रायव्हरला वाढवायला सांगितला.

पोलादपूर आले. पाचला थोडी मिनिटे होती. निषादचा निरोप नव्हता. हमरस्त्यावर गाडी लागली तेव्हा पाच वाजले. इरावती फोनचा काळा पडदा बोटाने पुन्हा पुन्हा उजळत होती. कॅलिब्रेटर आता उतरला असेल. जे व्हायचे ते झाले असेल किंवा झाले नसेल. एवढ्या मोठ्या तबकड्या, एवढे अंतर, आणि शेवटी सगळे एका माणसाच्या बोटाशी येऊन थांबलेले. त्याने कळ दाबली नसेल तर आपण त्याला दोष देऊ का? तिने स्वतःला विचारले.

महाडच्या अलीकडे वाहने खोळंबली होती. ट्रकमागे ट्रक. येसाजीमामा घड्याळाकडे बघून काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात फोन थरथरला.

पुन्हा आलेख, पुन्हा वरून खाली उलगडणारा. रेघ डावीकडून निघाली, मधोमध आली, आणि तशीच उजवीकडे गेली. सपाट. कुठेही खळगा नव्हता. खाली चार ओळी होत्या.

'दोन्ही बाजूंनी घेतला. शेवटचा तुकडा जरा गोंगाटाचा आहे, पण चालेल. लॉगमध्ये कारण जसंच्या तसं लिहिलं आहे: तुझं नाव, आणि मूळ फाइल माझी होती हेही. माझ्या दुसरीचा कॅलिब्रेटर आत्ताच उघडून बघितला. खळगा आहे. मोठा आहे.'

इरावतीने ते दोनदा वाचले. कणीत वायू किती आहे हे तिला अजून ठाऊक नव्हते. ते कळायला महिने लागणार होते, आणि कदाचित फारसा नसेलही. पण जे कळेल ते आता कणीचेच असणार होते. तिने फोन मांडीवर ठेवला, आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

"आता का?" स्नेहल घाबरली. "बिघडलं?"

"नाही. झालं. नीट झालं."

"मग रडतेस कशाला गो? पाठवणी माझी हाय, रडायचं मी. आणि तू तर काजळ पार वाया घालवलंस." तिने आपल्या रुमालाने इरावतीचे गाल पुसले. समोरच्या आरशातून येसाजीमामा बघत होते. त्यांनी मागे न वळता पाण्याची बाटली मागे केली.

"घ्या, बाई. पाणी प्या. कोण आजारी हाय का घरी?"

"नाही, मामा," इरावती म्हणाली. "कोणी आजारी नाही." आणि तिने कक्षाचा नंबर लावला. या वेळी पहिल्या घंटेला उचलला गेला.

"कंट्रोल रूम, स्वराज."

"मी इरावती. निषाद आहे का?"

"आहेत, मॅडम. कोपऱ्यातल्या संगणकावर बसलेत. त्या मुलाखतवाल्या संस्थेला काहीतरी लिहितायत. मघापासनं लिहितायत आणि खोडतायत." स्वराजने आवाज खाली आणला. "बोलवू का?"

पुढचा ट्रक हलला. ड्रायव्हरने गिअर टाकला आणि गाडी सवच्या रस्त्याकडे सरकू लागली.

"नको," इरावती म्हणाली. "त्याला लिहू द्या. फक्त चहा सांगा त्याच्यासाठी. मघाचा राहिला असेल त्याचा."